हाकेला ओ

३ फेब्रुवारी

प्रिय भांडकुदळे,

नंबर ब्लॉक केलास, ठीक आहे. पोस्टमनला कशी ब्लॉक करतेस ते बघतोच. हॉस्पिटलच्या हॉस्टेलचा पत्ता तुझ्या मैत्रिणीने दिला. तिच्यावर डाफरू नकोस. मी तिच्या पायरीवर ठाण मांडून बसलो होतो. शेवटी तिच्या आईने कंटाळून चहा दिला आणि तिने कंटाळून पत्ता.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसून घे. नगरपालिकेत, हंगामी मदतनीस. आणि साहेब कोण, तर तुझे बाबा.

आता कागद फाडायच्या आधी पुढचं वाच. ही नोकरी मी तुझ्यासाठी धरलेली नाही. कॉलेज सोडल्यापासून घरात बसलो की आई माझ्याकडे न बघता भांडी आपटते, आणि तो आवाज ऐकण्यापेक्षा पहार मारलेली बरी. पेपर अर्धा टाकून उठलो तोही तुझ्यावरून नव्हे. तो पर्यवेक्षक म्हणाला, "लिहायचं नसेल तर बाक अडवू नका." मी बाक मोकळा केला. एवढंच. तू मात्र गेटवर सगळ्यांसमोर म्हणालीस, "डिग्री घेऊन ये, मग तोंड दाखव." मीही काहीतरी ओरडलो. काय ते तुलाही आठवतंय, मलाही.

तर काम. तू गेलीस तेव्हा खाणवस्तीच्या फक्त मागच्या रांगेला भेगा होत्या. आता सगळी वस्ती रिकामी करायचा हुकूम निघालाय. खाली जुन्या खाणीची भुयारं आहेत हे सगळ्यांना ठाऊकच होतं, पण ती एकेक करून बसायला लागलीत. आमच्या ऑफिसातल्या टेबलावर चहाचा कप ठेवला की चहा एका काठाशी चढून राहतो. लोकांना बाहेर काढून नव्या घरांत पोचवणारा अधिकारी म्हणून तुझ्या बाबांना नेमलंय. सैन्यात सुरुंग काढायच्या तुकडीत होते ना, म्हणून. वस्तीत सगळे त्यांना मेजर म्हणतात. मेजर ते कधीच नव्हते, पण ड्रायव्हरकाका म्हणतात, "सरकारने नाही दिली, आम्ही दिली बढती."

मी कोण हे त्यांना माहीत नाही. म्हणजे मी सांगितलेलं नाही.

तुझा,
बाक मोकळा करणारा

१२ फेब्रुवारी

प्रिय भांडकुदळे,

उत्तर नाही. नसू दे.

तुझ्या बाबांबरोबर काम करणं म्हणजे रोज परेड. पण एक कबूल करतो, माणूस कामाला पक्का आहे. सकाळी ते पहारीने जमीन ठोकत पुढे जातात आणि मी मागून पांढरी फीत अंथरत जातो. भरीव जमीन 'ठप' म्हणते. पोकळ जमीन रिकाम्या घागरीसारखी घुमते. घुमली की फीत वळवायची. फितीबाहेर पाय टाकायचा नाही. सुरुंगांच्या शेतातही असंच करायचे म्हणे.

भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतो आम्ही. पट्टी तडकली की भेग जिवंत आहे असं म्हणायचं. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही. परवा दुपारी एका घरात उभा असताना माझ्या पाठीमागे पट्टी तडकली. कुणी बोट मोडावं तसा आवाज.

घर रिकामं झालं, सामान ट्रकमध्ये चढलं, की तुझे बाबा उंबरठ्यावर उभे राहतात आणि हाक मारतात, "घरात कोणी आहे?" मग थांबतात. पुन्हा हाक. पुन्हा थांबतात. असं तीनदा, प्रत्येक खोलीच्या दारात.

मी विचारलं, "सर, तीनदा कशाला? एकदा ओरडलं की कळतंच की."

"पहिल्या हाकेला माणूस दचकतो. दुसरीला विचार करतो. तिसरीला ओ देतो."

"आणि तिसरीलाही नाही दिली तर?"

"तर घर मोकळं. दारावर गोल काढायचा." खिशातला खडू दाखवला. "गोल काढला की आत पाय टाकायचा नाही. तुझी चप्पल राहिली असली तरी."

ड्रायव्हरकाका मागून म्हणाले, "एका घरात कुत्रा होता. साहेबांनी त्यालाही नियमाने विचारलं. शहाणा, पहिल्याच हाकेला भुंकला."

तुझे बाबा हसले नाहीत. म्हणाले, "आणखी एक लक्षात ठेव. ज्याने सुरुंग काढले त्याने जमीन 'साफ' म्हणायची नाही. त्याला ती साफ हवी असते. तपासायचं दुसऱ्याने. म्हणून तू राहतोस त्या रांगेत मी हाक मारणार, आणि माझ्या घरी दुसरं कोणीतरी."

तुला सांगू? हाकांच्या मधलं ते थांबणं मला सोसत नाही. रिकामं घर मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. हाक आत जाते आणि बाहेर येत नाही. घर ती ठेवून घेतं. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथे पांढरा चौकोन, दाराच्या चौकटीवर कुणाच्या तरी पोरांची उंची मोजलेल्या रेघा, आणि तुझे बाबा मान थोडी उजवीकडे वळवून ऐकत उभे. डावा कान स्फोटात गेला हे तूच मला सांगितलं होतंस. मला सारखं वाटतं, आता कोणीतरी ओ देणार.

अजून कोणी दिलेली नाही.

२४ फेब्रुवारी

प्रिय भांडकुदळे,

तुमच्या शेजारच्या शिवणवाल्या मावशी आज हलल्या. तुझे बाबा सोडले तर वस्तीतल्या शेवटच्या. दोन अधिकारी, एक इंजिनियर आणि खुद्द त्यांचा मुलगा समजावून थकले होते. मावशी मशीनवर पाय मारत राहायच्या आणि म्हणायच्या, "मी उठले तर ही मशीन घसरेल. मीच धरून ठेवलंय घर."

तुझे बाबा गेले, स्टूल घेऊन त्यांच्या समोर बसले. फितीवरच, हं. म्हणाले, "वहिनी, चला."

"तुम्ही कधी हलणार ते सांगा, मेजर."

"सगळ्यांच्या नंतर."

"सगळ्यांच्या नंतरच येता तुम्ही." मावशींनी दोरा दाताने तोडला. "त्या वेळीही तसंच. इथे बायको बिचारी खोकून खोकून गेली, पोर एकटी उशाशी, आणि तुम्ही आलात ते सगळं आटपल्यावर. बॅग हातात. बूट पॉलिश केलेले."

मला वाटलं, आता भूकंप. मी असतो तर स्टूल फेकलं असतं. तुझे बाबा नुसते म्हणाले, "खरं आहे." मग उठून मशीनचं एक टोक धरलं आणि मला म्हणाले, "दुसरं धर." मावशी रडत रडत फितीवरून आमच्या मागे आल्या.

ट्रकमध्ये चढताना त्यांनी मला निरखलं. "तू तोच ना रे, सायकल घेऊन कोपऱ्यावर उभा राहायचास? टायरमध्ये हवा भरतोय असं दाखवत?"

तुझे बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. वळलेही नाहीत. दुपारी डबा खाताना एकदम म्हणाले, "हवा भरायला एवढा वेळ लागत नाही."

मी डबा खाली ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुझी मुलाखत मीच घेतली ना. ती पत्र पाठवते का?"

"नाही सर."

"मलाही नाही." आणि डब्याचं झाकण लावून उठले.

तुझ्यावर रागावून आलो होतो मी त्यांच्याकडे, हे आता लिहून टाकतो. वाटलं होतं, ज्या माणसामुळे तू घर सोडलंस त्याला जवळून बघावं आणि मनसोक्त तिरस्कार करावा. जमत नाहीये. तू गेलीस त्या दिवशी त्यांना म्हणाली होतीस ना, "तुम्ही जगाची घरं तपासलीत, आपल्या घरात कोण उरलं ते कधी बघितलं नाहीत"? ते वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. हवामानाचा अंदाज सांगावा तसं.

आता वस्तीत एकच घर उरलं. तुमचं.

६ मार्च

भांडकुदळे,

आज जे लिहितोय ते वाचून मला वेड लागलंय असं तू म्हणशील. म्हण. पण उत्तर दे.

तुझ्या बाबांनी सामान नव्या घरी पाठवलं. फक्त त्यांची लोखंडी पेटी ठेवली. तुझ्या खोलीतला पलंग मात्र हलवला नाही. खोलीची जमीन घुमते, आत जाता येत नाही, म्हणाले. मला वाटलं, झालं, आता मला हाक मारायला सांगतील आणि गोल काढून मोकळे होतील. त्यांचाच नियम. पण सकाळी मी पोचलो तर ते आधीच आत जाऊन आले होते. अंगणात उभे. हातात खडू तसाच, अख्खा.

"सर, गोल?"

"नाही काढता आला."

"का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दाढी करून, शर्ट खोचून, नेहमीसारखेच. म्हणाले, "आत माणूस आहे."

मी म्हटलं चोर असेल, भुरटा. तार काढायला येतात लोक. पहार उचलली आणि निघालो. त्यांनी माझी कॉलर धरली.

"तिच्या खोलीतून ओ आली," ते म्हणाले.

"काय म्हणून?"

"'आले हो, घर पडतंय का काय!'"

लख्ख ऊन होतं गं. आणि माझ्या हातावर काटा आला. कारण हे वाक्य तुझंच आहे. फोनवर बोलताना मागून ते हाक मारायचे आणि तू माझं बोलणं अर्धं तोडून, तोंड वळवून, अगदी याच चालीत ओरडायचीस. किती वेळा ऐकलंय मी ते.

"सर, ती तर तिकडे..."

"माहीत आहे मला ती कुठे आहे." मग म्हणाले, "डाव्या कानाने ऐकू आलं."

ज्या कानाने त्यांना ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नाही.

त्यांनी नियम मोडलाय. स्वतःच्या घराला स्वतः हाक मारली. आता म्हणतात, ओ देणारं माणूस आत असताना घर सोडता येत नाही, आजवर कधी सोडलेलं नाही. पेटीवर बसून राहतात. मी विचारलं, ओ एकदाच आली का? तर म्हणाले, "रोज येते."

तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस, मी त्या दिवशी गावाबाहेर जाऊन बसेन. फक्त त्यांच्यासमोर येऊन उभी राहा.

१५ मार्च

प्रिय भांडकुदळे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. 'पत्रं बंद कर. बाबांचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मी त्या घरात येणार नाही. ते घर मी सोडलंय.' अक्षर तुझंच, 'घर' लिहिताना पेन जोरात दाबलेलं. तरी मी ते इतक्या वेळा वाचलं की आई म्हणाली, "काय, पास झालास का?"

कार्ड घेऊन तडक तुझ्या बाबांकडे गेलो. नाचवलंच त्यांच्यापुढे. "बघा सर! शिक्का बघा! ती तिकडे आहे. आत कोणीही नाही. उठा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. मग कार्ड माझ्या हातात देऊन विचारलं, "ती तिकडे आहे, मग आत कोण आहे?"

मी चिडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, ती जिवंत होती, इथे होती, तेव्हा तुम्ही नव्हतात, आणि आता भिंतीशी बोलत बसलात! त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाणी पी."

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. फितीवरून. फीत पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात येते, तुझ्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि तिथे संपते. दार किंचित लोटलेलं. फटीतून दिसलं, आतली फरशी एका कोपऱ्याकडे कललीय, पलंग घसरत जाऊन तिथे भिंतीला टेकलाय, आणि भिंतीला टेकलेला पलंग म्हणजे कुणी पाय जवळ घेऊन बसावं तसा दिसत होता. आतून उबदार वास येत होता, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखा. ओट्यावर दोन कप होते. एकातला चहा प्यायलेला. दुसरा भरलेला, साय धरलेला.

मी काही ऐकलं नाही. हे शपथेवर लिहितो. पण पाणी न पिताच बाहेर आलो.

इंजिनियर म्हणतो, हे घर कधीही बसेल. पोलीस आणून उचलून नेऊ म्हणाला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "साहेब, त्या माणसाला चार पोलीस उचलतील खरं, पण त्या फरशीवर पाच माणसं उभी राहिली तर सगळीच खाली जातील."

तू कार्डात लिहिलंस, ते घर मी सोडलंय. घराने तुला सोडलंय का, ते कोणाला विचारायचं?

२२ मार्च

हे पत्र मी ट्रकच्या पायरीवर बसून लिहितोय. हात काळे आहेत, कागद खराब होतोय. होऊ दे.

आज सकाळी पोचलो तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या तडकलेल्या. नुसत्या रात्रीतून नव्हे, मी बघत असतानाही एक गेली. अंगणातली फीत मधोमध ताणली गेली होती, दोन्हीकडून कुणी ओढत असल्यासारखी. काकांनी ट्रक फितीच्या टोकाला लावला, इंजिन चालू ठेवलं आणि ओरडले, "जा पोरा, आण त्यांना, मी इथून हलत नाही."

तुझे बाबा पेटीवर. हात गुडघ्यांवर.

"सर, उठा!"

"आत माणूस आहे."

मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. जोर लावून. हो, हात टाकला मी तुझ्या बापावर. हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हात सोड. तू जा. तू वेळेवर जायला हवंस. मी इथे एकदा उशिरा आलोय. आता लवकर जाणार नाही."

तेव्हा कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "तुमच्या हाका मी धरत नाही."

"काय?"

"ज्याचं घर त्याने हाक मारायची नाही. तुम्हीच शिकवलंत. या घराची तपासणी झालेलीच नाही सर. मी करतो. ओ आली तर मीही इथेच बसतो तुमच्याशेजारी. नाही आली तर तुम्ही उठायचं."

फार वेळ बघत राहिले माझ्याकडे. वरून चुना पडत होता त्यांच्या खांद्यावर. मग खिशात हात घातला आणि खडू काढून माझ्या हातावर ठेवला.

मी फितीवरून तुझ्या दारापाशी गेलो. फीत संपते तिथे उभा राहिलो. हाक मारली, "घरात कोणी आहे?"

थांबलो. काही नाही. खालून कुठूनतरी, खूप खोलवरून, वाळू ओतल्यासारखा आवाज.

दुसरी हाक. काही नाही.

आणि मला राग आला. हसशील तू, पण जीव वाचवायच्या वेळी मला राग आला. बापाला रोज ओ देतेस आणि मी दोनदा ओरडलो तर एक शब्द नाही? वर्षभर माझं तेच झालंय, बंद नंबरावर बोटं झिजली माझी. तिसऱ्या हाकेला नियमाचे शब्द तोंडातच आले नाहीत. मी ओरडलो, "भांडकुदळे!"

"दार लोटलेलंच आहे," तू म्हणालीस. "ये की."

दाराच्या अगदी मागे. ओरडून नाही. आजूबाजूला कोणी नसताना, पेनाचं टोपण चावत माझ्याशी बोलायचीस त्या आवाजात. त्यात राग नव्हता. गेट नव्हतं, डिग्री नव्हती. माझं सगळं अंग पुढे गेलं. हात दारावर होता, दार हललंही, आणि माझा पाय फितीबाहेर पडला. टाचेखाली फरशी गरम होती आणि ती घुमली. घागरीसारखी.

मागून तुझ्या बाबांचा आवाज आला, "काय आहे?"

मी पाय मागे घेतला. कसा घेतला ते मला विचारू नकोस.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, सर. घर मोकळं आहे."

आतून तू म्हणालीस, "अरे..." एवढंच. पुढचं काही बोलणार होतीस ते बोलली नाहीस. मी दार ओढून घेतलं आणि त्यावर गोल काढला. खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने गोल पुरा केला.

वळलो तर तुझे बाबा उभे होते. पेटी तशीच सोडून. फितीवरून ते पुढे, मी मागे. एकदाही वळून बघितलं नाही कोणी. ट्रकपाशी पोचलो आणि मागे घर बसलं. मोठा आवाज झाला नाही. आधी छप्पर खाली आलं, दमलेल्या माणसाने अंग टाकावं तसं, मग भिंती आत कलल्या, मग नुसती धूळ.

आणि ड्रायव्हरकाका ट्रकमधून उडी मारून त्या धुळीकडे धावले. "अहो साहेब, पोरगी! पोरगी राहिली की आत! 'अरे' म्हणाली ना आत्ता! मी ऐकलं!"

तुझ्या बाबांनी त्यांना मागून कवटाळून धरलं. "आत कोणी नाही. याने तपासलंय."

काकांचे डोळे माझ्यावर. "तू सांग रे."

"कोणी नाही, काका," मी म्हणालो.

ते अजून तिथेच उभे आहेत, टोपी हातात घेऊन.

आता ऐक. कार्ड आलं त्याला आठवडा झाला. आठवड्यात माणूस कुठूनही कुठेही येऊ शकतो. तू रागाने निघालीस, न सांगता आलीस, मागच्या बाजूने शिरलीस, असं तर नाही ना? माझी पत्रं वाचून आलीस असं तर नाही? हॉस्टेलला फोन केला, तर ती बाई म्हणते तू रजेवर आहेस, कुठे गेलीस ठाऊक नाही. मी त्या दारावर गोल काढलाय. माझ्या हाताने. एक ओळ लिही. शिवी लिही. कोरं कार्ड टाक, मी शिक्का बघून समजेन. फक्त आजनंतरची तारीख असू दे.

२ एप्रिल

तुझा फोन आला त्याला तीन दिवस झाले. आज लिहायला बसलोय.

हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या गावी गेली होतीस, परत येऊन माझी साठलेली पत्रं एकदम वाचलीस आणि बाबांना फोन लावलास. मी तेव्हा त्यांच्या नव्या घरात खिडकीच्या काचा पुसत होतो. त्यांनी फोन कानाला लावला. उजव्या. "बाबा" एवढं मलाही ऐकू आलं. मग ते काहीच बोलेनात. खूप वेळाने ते म्हणाले, "जेवलीस का?" मग आणखी वेळाने, "तुझ्या आईच्या वेळी मला रजा मिळत होती. मी हातातला सुरुंगांचा पट्टा साफ करून निघू म्हणालो. ते तुला कधी सांगितलं नव्हतं." तू काय म्हणालीस मला कळलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "ये."

मग फोन माझ्यापुढे धरला.

वर्षभर मी या फोनची तालीम केली होती. माफी कुठे मागायची, कुठे थोडं ठसक्यात बोलायचं, सगळं पाठ. तू म्हणालीस, "काय रे, बरा आहेस ना?" आणि मी म्हणालो, "हो. बोला."

बोला म्हणालो मी तुला. माझ्याही ते नंतर लक्षात आलं. तूही थांबलीस ना जराशी? मग मनापासून बोललीस, बाबांना बाहेर काढलंस, उपकार झाले, कॉलेजचं अजून होऊ शकतं, ये एकदा, भेटू. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ते सगळं एकदम समोर ठेवलंस. आणि मी फोन कानाला घट्ट दाबून त्यात तुझा आवाज शोधत होतो. चांगला आवाज होता. थोडा दमलेला, वॉर्डात दिवसभर बोलून बसलेला. पण मी तो ओळखला नाही. मी ज्याला ओळखतो तो दाराच्या मागे होता. तो मला ये म्हणाला, आणि मी कोणी नाही म्हणालो.

तुझा यात काही दोष नाही. तू जिवंत आहेस, ठणठणीत आहेस, हे कळल्यावर मी जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो, तेही खरं. पण भेटायला येणार नाही. समोर बसून तुझ्या तोंडाकडे बघत मी दुसऱ्याच कुणाची वाट बघत राहीन, आणि तुझ्या ते ध्यानात येईल. तू भांडशीलही नाहीस बहुतेक. त्याचीच भीती वाटते.

तुझ्या बाबांना मी काल विचारलं, "सर, त्या दिवशी तिसऱ्या हाकेला तुम्हाला काही ऐकू आलं होतं?"

ते खडूचा नवा डबा फोडत होते. नदीपलीकडची दुसरी वस्ती लागलीय आता आम्हाला. म्हणाले, "तू नाही म्हणालास. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा." आणि एक खडू मला दिला. आता घरं मीच तपासतो. हाक मारतो, थांबतो. ते अंगणात थांबतात. पूर्वी मधलं थांबणं सोसत नव्हतं. आता तिसरी हाक मारवत नाही. पण मारतो.

रविवारी ते तुला घ्यायला बसस्टँडवर येतील. सकाळपासून येऊन उभे राहतील, मी त्यांना ओळखतो. एक सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. घर बसल्यापासून त्यांना मागून किंवा दुसऱ्या खोलीतून कोणी 'आलो' म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, जागच्या जागी उभे राहतात, काकांनासुद्धा आता समोर जाऊनच बोलावं लागतं. गर्दीत तू त्यांना दिसली नाहीस तर ते हाक मारतील. लांबून ओ देऊ नकोस. समोर ये, त्यांचा हात धर, मग बोल.